पगार पुण्याचा, पत्ता धाराशिवचा : ‘कुठूनही काम’ जिल्ह्याला काय देऊ शकते?

रविवारी रात्री धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर, येरमाळ्याच्या फाट्यावर किंवा उमरग्यात महामार्गालगत थोडा वेळ उभे राहा. पाठीला लॅपटॉपची बॅग आणि हातात आईने दिलेली डब्याची पिशवी घेतलेली पंचविशीतली मुले-मुली पुण्याच्या गाडीची वाट पाहताना दिसतील. सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून पहाटे पोहोचायचे, दोन तास झोपायचे आणि लॅपटॉप उघडायचा. त्यातल्या अनेकांचे काम त्या लॅपटॉपच्या बाहेर कुठेही नसते. साहेब बंगळुरूत, ग्राहक अमेरिकेत, सर्व्हर मुंबईत आणि आपण हिंजवडीतल्या भाड्याच्या खोलीत.

मग हेच काम धाराशिवमधून का नाही?

२०२० मध्ये या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. लॉकडाऊन लागला, मुले घरी आली आणि माळवदावर, लिंबाखाली, जिथे रेंज मिळेल तिथे बसून कामे झाली. पुढे कंपन्यांनी परत बोलावले आणि बहुतेक जण निघून गेले. आता हा विषय पुन्हा काढण्याचे कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमसोबत धाराशिवचेही नाव आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेले राज्यातले चार जिल्हे हेच.

इंटरनेट येईल, आज ना उद्या. पण ‘कुठूनही काम’ म्हणजे नुसते इंटरनेट नव्हे. त्याचा फायदा कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर मिळतो, आणि जिल्ह्याने त्यासाठी काय करायला हवे, ते समजून घेऊ.

‘घरून’, ‘हायब्रिड’ आणि ‘कुठूनही’ यांत फरक काय?

तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते वेगळे आहेत.

• वर्क फ्रॉम होम : काम घरून, पण कंपनी कधीही ऑफिसला बोलावू शकते. म्हणजे घर त्याच शहरात हवे.

• हायब्रिड : आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. इथेही खोली पुण्यातच लागते.

• कुठूनही काम : कर्मचारी कोणत्या गावात राहतो याच्याशी कंपनीला देणेघेणे नाही. काम वेळेत आणि नीट झाले पाहिजे, एवढीच अट.

धाराशिवच्या दृष्टीने खरा फरक तिसऱ्या प्रकाराने पडतो. पहिल्या दोन प्रकारांत पुण्यातल्या माणसाचा ट्रॅफिकमधला वेळ वाचतो, पण आपला माणूस पुण्यातच राहतो. महिन्यातून एकदाच ऑफिस गाठायचे असेल, तर मात्र हायब्रिडही धाराशिवहून जमते. म्हणून ऑफर लेटर हातात आल्यावर पगाराचा आकडा पाहून झाला की ‘कामाचे ठिकाण’ ही ओळ आधी वाचा.

नोकरदाराला पैशात किती फायदा?

एक नमुना हिशेब मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या.

समजा, महिन्याला ४० हजार रुपये हातात येतात. पुण्यात तिघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटचा वाटा सात हजार. मेस आणि वरचा नाश्ता-चहा सहा हजार. रोजचे जाणे-येणे दोन हजार. महिन्यातून दोनदा गावी येण्याजाण्याचे अडीच हजार. लाइटबिल, कामवाल्या मावशी आणि किरकोळ खर्च दीड हजार. एकूण १९ हजार. जवळपास निम्मा पगार नुसता पुण्यात राहण्यात जातो.

आता तेच काम घरून करा. इंटरनेट, वाढलेले लाइटबिल, घरखर्चाला हातभार आणि अधूनमधून ऑफिसची एखादी फेरी धरून नऊ-दहा हजार होतील. महिन्याला नऊ हजार वाचले, तरी वर्षाचे एक लाख आठ हजार होतात. शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

वेळेचाही हिशेब करा. रोज ऑफिसला जाण्यायेण्यात दोन तास धरले आणि महिन्याला २२ दिवस काम धरले, तर ४४ तास वाचतात. आठ तासांचा एक दिवस धरला, तर हे साडेपाच दिवस झाले.

एक जण मात्र या हिशेबात हमखास विसरतो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर मिळणारी करसवलत स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळत नाही, आणि नव्या प्रणालीत ती कोणालाच नाही. काही कंपन्या लहान गावात राहणाऱ्याचा पगारही कमी ठरवतात. हे आधी विचारून घ्यावे.

जिल्ह्याला काय मिळते?

या प्रश्नाकडे आपल्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. नोकरदाराच्या बचतीची चर्चा होते, त्याच्या खर्चाची होत नाही.

समजा, एखाद्या तालुक्यात असे शंभर जण राहिले आणि प्रत्येकाने महिन्याला २० हजार रुपये इथेच खर्च केले. महिन्याला २० लाख, वर्षाला दोन कोटी ४० लाख रुपये त्या तालुक्याच्या बाजारात फिरतील. किराणा दुकान, दूधवाला, गॅरेज, शिकवणी, मेडिकल, घर बांधणारा गवंडी, सगळ्यांपर्यंत तो पैसा जाईल. यासाठी एमआयडीसीत प्लॉट लागत नाही, पाण्याचे आरक्षण लागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी टँकरकडे डोळे लावणाऱ्या जिल्ह्यात, पाऊस पडला नाही तरी पहिल्या तारखेला जमा होणाऱ्या पैशाचे मोल वेगळे सांगायला नको.

सोयाबीनचा भाव पडला की इथला पूर्ण बाजार थंडावतो, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा. पावसाशी संबंध नसलेली कमाई थोडी जरी वाढली, तरी त्या चढउताराला आधार मिळतो.

आणि पैशापलीकडचेही आहे. आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत साठीतले आई-वडील एकटे आहेत. गुडघ्याचे दुखणे, शुगरच्या गोळ्या, बँकेचे केवायसी, पीकविम्याचा ऑनलाइन अर्ज, सगळ्यासाठी पुण्याला फोन जातो. मुलगा किंवा मुलगी घरात असली, की यातली निम्मी कामे जेवणाच्या सुट्टीत होतात. शिवाय ग्रामसभेत बसणारा, शाळेच्या व्यवस्थापन समितीत प्रश्न विचारणारा शिकलेला तरुण गावात असणे आणि फक्त गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असणे, यांत फरक आहेच.

२०२८ चा उन्हाळा का महत्त्वाचा?

राज्य सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे, ही अट. अभियांत्रिकीला चार वर्षे लागतात. म्हणजे त्या वर्षी पहिल्या वर्गात बसलेल्या मुली २०२८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडतील.

त्यांचे पुढे काय? काही जणी पुण्या-मुंबईला जातील. काहींना घरचे ‘एकटी कशाला’ म्हणून पाठवणार नाहीत. काहींचे लग्न ठरेल, आणि सासर पुण्यात नसून भूममध्ये किंवा लोहाऱ्यात असेल. फी सरकारने भरली, अभ्यास मुलीने केला, आणि पदवी कपाटात, असे व्हायचे नसेल, तर काम त्यांच्यापर्यंत आले पाहिजे.

बाळंतपणानंतरही हाच प्रश्न येतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही केली. पण ती कंपनी आणि कर्मचारी यांच्या संमतीवर आहे, हक्क म्हणून नाही. कंपनीने होकार दिला तरी घरात धड इंटरनेट नसेल, तर त्या होकाराचा उपयोग काय?

कंपनीला यात काय फायदा?

कंपन्या दयेपोटी काही देत नाहीत. त्यामुळे त्यांचाही फायदा आहे का, हे पाहायला हवे. यावर अभ्यास झाले आहेत.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या सुमारास प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. कमी सुट्ट्या, कमी ब्रेक आणि शांत जागा ही कारणे होती. याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला दुसरा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीवर वाईट परिणाम दिसला नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वात जवळचा अभ्यास अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असताना पृथ्वीराज चौधरी आणि सहकाऱ्यांनी तो केला. तिथले परीक्षक आधीपासूनच घरून काम करत होते. त्यांना ‘देशात कुठेही राहा’ अशी मुभा मिळाल्यावर काम ४.४ टक्क्यांनी वाढले. म्हणजे नुसते घरून काम केल्याने जेवढे साधते, त्यापेक्षा थोडे जास्त आपल्या आवडीच्या गावातून केल्याने साधते.

देशातले उदाहरण हवे असेल तर तामिळनाडूतले तेनकासी पाहा. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये तिथे कार्यालय सुरू केले. कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू २०१९ पासून तेनकासीजवळच्या मथलमपराई या गावात राहू लागले. तिथे माणसे नुसती घरून काम करत नाहीत. कंपनीच गावाजवळ गेली आहे. पण धडा तोच : सॉफ्टवेअर लिहायला महानगर लागतेच असे नाही.

मग कंपन्या परत का बोलावतात?

टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी चालेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावले. तीन वर्षांत धोरण पूर्ण उलटे झाले. ज्यांनी त्या भरवशावर पुण्यातली खोली सोडली असेल, त्यांना ती पुन्हा शोधावी लागली.

कंपन्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे नाही. सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगातच जवळपास निम्म्या लोकांनी प्रयोग संपल्यावर ऑफिसला परतणे पसंत केले, कारण एकटेपणा. आणि कामाच्या मानाने त्यांना बढत्याही कमी मिळाल्या. समोर न दिसणारा माणूस साहेबाच्या लक्षात राहत नाही.

माझा स्वतःचा अनुभव याला धरूनच आहे. इंजिनीअरिंगनंतर पहिली नोकरी लॉकडाऊनमध्ये लागली. लॅपटॉप कुरियरने आला, टीमचे चेहरे स्क्रीनवरच पाहिले. एकदा एका साध्या सेटिंगसाठी दिवसभर अडकून पडलो. ‘एवढेही येत नाही का’ असे वाटेल म्हणून कोणाला विचारले नाही. शेजारच्या खुर्चीवर कोणी असते, तर पाच मिनिटांचे काम होते. सहा महिन्यांत जेवढे शिकायला हवे होते, त्याच्या निम्मेही शिकलो नाही.

म्हणून नवख्यांना एक सल्ला. पहिले वर्ष-दीड वर्ष ऑफिसात, माणसांत काढा. काम हातात बसले, ओळखी झाल्या, की मग गावाकडून काम मागा. तेव्हा तुमच्या शब्दाला वजनही असते.

धाराशिवमध्ये अडते कुठे? पहिली गोष्ट, इंटरनेट

अंतर हा अडथळाच नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. धाराशिव ते पुणे अडीचशे किलोमीटरला त्याला सव्वा मिलिसेकंद पुरतो. अडते ते तार घरापर्यंत आहे का आणि ती तुटल्यावर किती वेळात जोडली जाते, यावर.

व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण दोन ते चार एमबीपीएस वेग पुरतो. पण तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो. दिवसाला दोन जीबीचा मोबाइल पॅक दोन तासांच्या मीटिंगमध्येच संपतो. त्यामुळे मोबाइलवर भागवता येते, नोकरी करता येत नाही.

स्पीड टेस्ट करताना बहुतेक जण डाउनलोडचा मोठा आकडा पाहून खूश होतात. पाहायच्या तीन गोष्टी आहेत : डाउनलोड, अपलोड आणि पिंग. तुमचा आवाज आणि चेहरा समोरच्याकडे जातो तो अपलोडवर. पिंग म्हणजे सिग्नलला जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो शंभर मिलिसेकंदांच्या आत असावा. चाचणी सकाळी अकराला करा आणि रात्री नऊलाही करा, कारण रात्री आख्खे गाव मालिका आणि रील्स पाहत असते.

गावोगावी फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ नाव मिळाले आणि आपल्या राज्यात ‘महानेट’ आले. अनेक ग्रामपंचायतींत डबी बसली. पण जुन्या आखणीत तार एका रेषेत जाते. रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या कामात जेसीबीने ती एका ठिकाणी तोडली, की पुढची सगळी गावे बंद. राउटरवरचा तो लाल दिवा कोणाला माहीत नाही? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे एक लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार रेषेऐवजी वर्तुळात न्यायची आहे. एका बाजूने तुटली, तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येतो. आपल्या तालुक्यात हे वर्तुळ पूर्ण झाले का, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्यासारखा आहे.

उपग्रहाचे काय? जुने दळणवळण उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. त्यामुळे सिग्नलला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो आणि बोलणे तुटते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवर आहेत, त्यामुळे पिंग बरेच कमी येते आणि व्हिडिओ कॉल चालतो. जिथे तार नेणे परवडत नाही अशा वस्त्यांना हा चांगला पर्याय आहे. पण इरादापत्र म्हणजे जोडणी नव्हे, आणि या करारात सरकारी संस्था, ग्रामीण भाग आणि सार्वजनिक सुविधांवर भर आहे. शहरात आणि मोठ्या गावात फायबरला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, वीज

गावातल्या घरांना वीज गावठाण फीडरवरून मिळते, शेतातल्या पंपांना शेती फीडरवरून. गावठाणावर पुरवठा तुलनेने बरा असतो. पण ज्यांचे घर शेतात, वस्तीवर आहे, त्यांची पंचाईत होते. शेती फीडरला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. तिथून ऑफिस चालवायचे तर इन्व्हर्टर लागतोच.

तो किती वेळ चालेल? १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. गळती आणि बॅटरीची काळजी धरून वापरायला साधारण १,१०० मिळतात. लॅपटॉप ६० वॉट, राउटर आणि डबी १५, पंखा ७०, बल्ब १०, म्हणजे १५५ वॉट. सात तास निघतात. कामाचा दिवस जवळपास पार पडतो.

पण एक गोम आहे. तुमच्या घरी इन्व्हर्टर असून भागत नाही. केबलवाल्याचे यंत्र गावात ज्या खांबावर किंवा दुकानात आहे, तिथेही बॅटरी हवी. नाहीतर घरात पंखा फिरतो आणि इंटरनेट बंद. जोडणी घेताना हा प्रश्न हमखास विचारा. आणि दुसऱ्या कंपनीचे एक सिमकार्ड हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा.

तिसरी गोष्ट, बसायला जागा

मीटिंग चालू आहे आणि बाहेरून हाक येते, ‘‘लाइट आली बघ, मोटर चालू करून ये.’’ गावाकडून काम केलेल्या प्रत्येकाला हे ओळखीचे वाटेल. घरात दिसतो म्हणजे रिकामा आहे, असाच समज असतो. शेजारचे काका विचारतात, ‘‘काय रे, नोकरी गेली का?’’ मुलीची अवस्था याहून अवघड. तिने दार लावून काम केले तर पाहुणे नाराज, उघडे ठेवले तर चहा कोण करणार?

यावर उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कोणत्याही तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका दिसतील. महिन्याची फी, ठरलेली खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट, वायफाय आणि शांतता. त्यांनाच फायबरची चांगली जोडणी, मोठी बॅटरी आणि फोनवर बोलायला दोन बंद केबिन जोडल्या, की काम करण्याची जागा तयार होते. मुलींसाठी सुरक्षित, घराजवळ आणि ठरलेल्या वेळेची. नगरपालिकेचे रिकामे गाळे, ग्रामपंचायतीची सभागृहे यासाठी वापरता येतील. आणि आठ तास खुर्चीवर बसलेले मूल घरच्यांनाही कामावर गेल्यासारखे वाटते.

कुठे सावध राहायचे?

‘घरबसल्या काम’ या शब्दांवर फसवणुकीचा मोठा धंदा चालतो. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, पहिले दोनशे रुपये लगेच खात्यात येतात. मग ‘मोठ्या टास्क’साठी आधी पैसे भरायला सांगतात, आणि ते कधीच परत येत नाहीत. एकच नियम पक्का धरा : खरी नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. नोंदणी फी नाही, ट्रेनिंग फी नाही, लॅपटॉपचे डिपॉझिट नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जाण्याची शक्यता जास्त.

खरी नोकरी असेल, तर या गोष्टी लेखी घ्या :

• कामाचे ठिकाण काय, आणि ऑफिसला बोलावायचे असेल तर किती दिवस आधी कळवणार?

• लॅपटॉप कोणाचा, बिघडला तर दुरुस्ती कोण करणार?

• कामाचे तास कोणते? रात्रीच्या मेसेजला उत्तर देणे बंधनकारक आहे का?

शेवटचा मुद्दा हलका समजू नका. ऑफिस घरात आले की ते सुटतही नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. असा कायदा आपल्याकडे झालेला नाही. तोवर करारातली ओळ हाच आधार.

हे सगळ्यांसाठी आहे का?

नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याला, एसटीच्या चालकाला, नर्सला, भूमच्या खवा भट्टीवरच्या कामगाराला कुठूनही काम करता येत नाही. जिल्ह्याच्या रोजगाराचा प्रश्न लॅपटॉपने सुटेल, असे म्हणणे फसवे ठरेल. पाणी, उद्योग, रेल्वे यांच्या मागण्या आपल्या जागी राहतात.

पण शिकलेली माणसे टिकवण्याचा हा सर्वात स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी जिल्ह्याने तीन गोष्टी मागाव्यात. एक, प्रत्येक तालुक्यात फायबरचे वर्तुळ आणि तुटलेली तार जोडण्याची ठरलेली मुदत. दोन, इंटरनेटची यंत्रे जिथे आहेत तिथे बॅटरी किंवा सौर पॅनल. तीन, आठही तालुक्यांच्या ठिकाणी काम करण्याची किमान एक सार्वजनिक जागा, ज्यात निम्म्या खुर्च्या मुलींसाठी राखीव. या मागण्यांना कारखान्याएवढा निधी लागत नाही. आणि कंपन्यांचे धोरण उद्या पुन्हा बदलले, तरी ही तार, वीज आणि जागा शाळेला, दवाखान्याला आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल.

आपल्या जिल्ह्याला हे अगदीच नवीन नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरच्या या गावातून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात आणि तिथून समुद्रापार जायचे. विणणारा तेरमध्येच राहायचा, माल जगात जायचा. ते शक्य झाले, कारण तेरपासून बंदरापर्यंत वाट होती.

आज माल लॅपटॉपमध्ये आहे आणि माणूस गाडीत बसून चालला आहे. वाट बांधायला २०२८ पर्यंत वेळ आहे. ती झाली, तर रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत काही सीट रिकाम्या राहतील, आणि सोमवारी सकाळी तेवढीच माणसे आपापल्या तालुक्यात कामाला बसलेली असतील.